काल दुपारपासून बेपत्ता

पुंजाजींच्या फोनवर मी स्वतःला वाचलं. चोरून वाचलं म्हणा हवं तर, पण फोन त्यांनीच माझ्या हातात दिला होता. पुंजाजी आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे अटेंडंट. फिजिक्सच्या माणसाला फोन दुरुस्त करता यायलाच पाहिजे, नाही तर तो एवढा शिकला कायले, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. नातीचे फोटो उघडत नव्हते. जागा भरली होती, दुसरं काय. जुने व्हिडिओ पुसावेत म्हणून मी व्हॉट्सॲप उघडलं, ते पाणी आणायला गेले, आणि यादीत सगळ्यात वर 'हर्षा म्याडम'. हर्षा म्हणजे माझी बायको. माझ्या बायकोचं आणि पुंजाजींचं रोजचं काय बोलणं असावं? उघडलं. 'सर बरे हाय.' वेळ पावणेदोन. त्याच्या वर आदल्या दिवशीचं, 'सर बरे हाय', पावणेदोन. त्याच्या वर परवाचं. मी अंगठ्यानं वर वर सरकवत गेलो, दिवाळी आली, गणपती आले, उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या, आणि सर आपले बरेच. मधेच एखादं 'डबा पुरा खाल्ला'. एकदा 'आज गप्प गप्प हाय', त्यावर तिचं 'लक्ष ठेवा भाऊ', त्यावर यांचं 'गेटाबाहेर चहाले गेलते, मी मांगं होतो'. तो दिवस मला आठवला. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण एकटेच चहा पीत आहोत. पुंजाजी पेला घेऊन आले तेव्हा मी फोन त्यांच्या हातात ठेवला, नातीचे फोटो दिसायला लागले होते. राग आला म्हणणं सोपं आहे, राग नंतर आला. आधी लाज वाटली, भर बाजारात पायजम्याची नाडी सुटल्यासारखी. ते म्हणाले, सर, पाणी घ्या. मी पाणी प्यालो, आणि ते मी प्यालो हेही आता कुठं तरी लिहिलं जाईल असं वाटून गेलं.

तीन वाजता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, शिकवायचा होता. नवा अभ्यासक्रम आला तसा हा पेपर माझ्या गळ्यात पडला, कारण बाकीच्यांनी आधीच हात वर केले होते. साधा बिट म्हणजे सरळ मामला: दिवा चालू नाही तर बंद, एक नाही तर शून्य. क्युबिटबद्दल पुस्तकं सांगतात की तो एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही असतो. मला हे वाक्य आवडत नाही. पोरं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि मोकळी होतात. मी फळ्यावर एक गोल काढतो आणि त्याच्या मध्यातून निघालेला एक बाण. बाणाचं तोंड कुठंही असू शकतं, वर, खाली, आडवं, तिरपं. हा क्युबिट. आता गंमत अशी की त्याला विचारता येतो एकच प्रश्न, तू वर आहेस की खाली? मी तिरपा आहे, असं सांगायची सोयच नाही त्याला. तो वर म्हणेल किंवा खाली म्हणेल, आणि जे म्हणेल तसाच होऊन बसेल. आधी जो काही तिरपेपणा होता तो संपला, कुणाला दिसायच्या आधीच संपला. लगेच पुन्हा विचारा, तेच उत्तर. दहादा विचारा, तेच. उत्तर त्याचं असतं हो, पण वर आणि खाली हे विचारणाऱ्यानं ठरवलेलं असतं. एवढं सांगून मी मागं वळलो तर आचल उभी. वरूडकडची पोरगी, घरी संत्र्याच्या बागा, पहिल्या बाकावर बसते आणि सुचलं की उभी राहते. म्हणाली, सर, बाण आपल्या मनानं हळूहळू फिरून राहिला असन, वरून खाली येऊन राहिला असन, आणि आपण त्याले घडीघडी विचारत राहिलो, तर? मी म्हणालो, तर तो फिरणार नाही. जरासा सरकतो न सरकतो तोच तुम्ही विचारता, तो वर म्हणतो, आणि पुन्हा पहिल्या जागी. तुम्ही विचारत राहा, तो जन्मभर वरच. आचल हसली. म्हणाली, मी लहानपणी संत्र्याची बी लावली होती सर, रोज उकरून पाहो उगवली का म्हणून, ते काही उगवलीच नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसलो असेन. मग मी खडू टेबलावर ठेवला आणि खिडकीतून खाली पाहिलं, तिथं सायकल स्टँडजवळ पुंजाजी उभे होते, आणि माझ्या वर्गाकडे पाहत होते.

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. आई अकोल्याला राहते, जुन्या शहरात, आणि मी महिन्यातून एकदा बडनेऱ्याहून रेल्वेत बसून तिच्याकडे जायचो. त्या दिवशीही निघालो होतो. भांडण नव्हतं, दुखणं नव्हतं, डोक्यावर कसला भार नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी खोदून खोदून शोधलं आणि कुणाला काही सापडलं नाही. कुरूम गेलं, माना गेलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, लोक उतरायला लागले, मीही उतरलो. एवढंच. कोणी ढकललं नाही. गाडी माझ्यासमोरून निघून गेली आणि मला छातीत मोकळं मोकळं वाटलं, बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं. स्टँडवर आलो तर अचलपूरची एसटी लागलेली, बसलो. अचलपूरला लागूनच परतवाडा, तिथं एक लॉज पाहिलं, रजिस्टरवर सही केली, फोन बंद केला आणि सोळा तास झोपलो. दुसऱ्या दिवशी नदीच्या पुलावर उभा राहून गुरं पाण्यात उतरताना पाहिली. एका म्हातारीकडून बोरं घेतली. दोन दिवस मला कुणी काही विचारलं नाही. केव्हा आले, केव्हा जाता, जेवले का, झोपले का, इन्क्रिमेंटचं काय झालं, काहीही नाही. मी सुखी होतो असंही मी म्हणणार नाही. मी फक्त होतो, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

इकडं अमरावतीत माझी शोधाशोध. हर्षानं माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'काल दुपारपासून बेपत्ता. कुणाला दिसल्यास कृपया संपर्क करावा', आपला नंबर टाकला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. तारीख टाकली नाही. रडता रडता कुणाच्या डोक्यात तारीख येते? तो मजकूर सगळ्या जिल्ह्यात फिरला, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या भावानं, भगवंतरावांनी, मला परतवाड्यात आलुबोंडा खाताना धरलं. धरलं म्हणजे खरंच धरलं, दोन्ही हातांनी, आणि तो सहा फुटी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. गाडीत मागच्या सीटवर हर्षा होती. दोन दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, हरवले होते ना तुमी? काही आठवत नाही ना? माझ्या तोंडात अजून बेसनाची चव होती. मी तिच्याकडे पाहिलं. काय सांगणार होतो? हरवलो होतो, की हरवलो नव्हतो, एवढ्या दोनच गोष्टी तिनं माझ्यासमोर ठेवल्या होत्या, आणि त्यातली दुसरी मी उचलली असती तर तिसरा प्रश्न आला असता, मग काऊन गेले होते? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मी मान हलवली. हो. तिनं मला छातीशी धरलं. तेव्हापासून मी हरवलेला माणूस आहे.

मग डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, डॉक्टरांना काही दिसलं नाही म्हणून त्यांनी ताण म्हटलं आणि गोळ्या दिल्या. एक सकाळची, एक रात्रीची. दोन वर्षं मी त्या गोळ्या खातो आहे, ज्या दुखण्याच्या आहेत ते दुखणं मला नाही, आणि हे मला एकट्याला माहीत आहे. जिभेखाली धरून थुंकून टाकता आल्या असत्या, सुरुवातीला तसं केलंही, पण मग मी पाणी प्यालो की हर्षा माझं तोंड उघडून पाहायला लागली. कुणी म्हणेल, सांगून का टाकलं नाही? सांगायला रोज जायचो. रोज संध्याकाळी ठरवायचो. पण घरात पाय ठेवला की ती चपलांकडे, मग चेहऱ्याकडे पाहायची आणि म्हणायची, बरं वाटून राहिलं ना? आणि माझं तोंड आपोआप हो म्हणायचं. सकाळी तेच, दुपारी फोनवर तेच. फोनमध्ये तिनं असं काही करून ठेवलंय की मी कुठं आहे ते तिला नकाशावर दिसतं. राजकमल चौकात सिग्नलला जरा जास्त थांबलो तर फोन येतो. ती वाईट बाई नाही, हे सांगायलाच पाहिजे. झेडपीच्या शाळेत शिकवते, दिवसभर पोरांची नाकं पुसते, घरी येऊन माझ्या आवडीची भरली वांगी करते. चीड येते ती याचीच. शिव्या देणाऱ्या माणसापासून सुटता येतं, डबा भरून देणाऱ्या माणसापासून कसं सुटायचं? गावाचं तर विचारूच नका. मंडईत भाजीवाला म्हणतो, सर, आज वाट चुकले का? आणि स्वतःच्याच विनोदावर हसतो. मीही हसतो. सापडलेल्या माणसानं सगळ्यांशी हसून वागायचं असतं.

पुंजाजींचा फोन वाचला त्याच आठवड्यात गजालाचा फोन आला. गजाला आणि मी एम.एस्सी.ला एका बाकावर होतो, ती आता अकोल्याच्या एका कॉलेजात विभागप्रमुख आहे. म्हणाली, नव्या पेपरानं आमचे मास्तर घाबरलेत, शनिवारी दुपारी एक वाजता येऊन दीड तास क्युबिट समजावून सांग, तुझ्यासारखं सांगणारा दुसरा नाही. तिला माझं सगळं माहीत होतं, कुणाला नव्हतं? पण तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, येशील ना? मी म्हणालो, येईन, आणि मग मनात भर घातली, एकटा. दोन वर्षांत मी अमरावतीच्या बाहेर एकटा गेलो नव्हतो. आईकडे जायचं तर भगवंतरावांची गाडी. आता असं वाटायला लागलं की हे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर एकटा गेलो आणि एकटा परत आलो, तर बाण जरा फिरेल. त्यानंतर मी तिला सांगू शकेन. आधी नाही. आधी सांगितलं तर तेही दुखण्यातच धरलं जाईल.

हर्षाला मी गुरुवारी सांगितलं, ती कणीक मळत होती. ती म्हणाली, मी येतो ना संगं, शाळेत हाफ डे टाकतो. मी म्हणालो, नाही. मी एकटा जातो. तिचे हात थांबले. मग पुंजाजींना संगं न्या, म्हणाली. त्या नावानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, पुंजाजी पावणेदोनला काय लिहितात ते पाहिलंय मी. ती माझ्याकडे पाहायला लागली, आणि तिला लाज वाटेल असं जे मला वाटलं होतं ते काही झालं नाही. तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला आणि म्हणाली, मंग काय करू? तुमी सांगा, काय करू मी? बराच वेळ ती पोळ्या लाटत राहिली. शेवटी म्हणाली, जा. बडनेऱ्याहून फोन करायचा, मूर्तिजापुराहून करायचा, पोचल्यावर करायचा. चव्वेचाळीस वर्षांच्या प्राध्यापकाला त्या रात्री सहलीला निघालेल्या पोरासारखी झोप लागली नाही, हे कबूल करतो.

शनिवारी साडेनऊची एसटी. हर्षाची शाळा होती, ती मला स्टँडवर सोडून गेली, बस सुटेपर्यंत थांबली नाही. तेवढ्यावरून मी खूश. खिडकीजवळची जागा मिळाली. बडनेऱ्याहून फोन केला, ती म्हणाली, हां, बरं. नंतर मी मनातल्या मनात व्याख्यान सुरू केलं. गोल, बाण, प्रश्न. दोन्ही बाजूंनी काळं रान, तूर हिरवी उभी, कपाशीची बोंडं फुटलेली. शेजारी एक बाई मांडीवर कोंबडीची पिशवी घेऊन बसली होती, तिनं मला सव्वा तासात एकही प्रश्न विचारला नाही. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मूर्तिजापूर जवळ यायला लागलं तसा मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो. मी स्वतःला म्हणालो, वेड्या, हे एक गाव आहे. लोक इथं जन्मतात, लग्नं करतात, मरतात, त्यात तुझं काय? कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं थांबन गाडी, चहापाणी करून घ्या. सगळे उतरले, मी उतरलो. पाय जमिनीला लागला आणि ते छातीतलं मोकळं मोकळं पुन्हा आलं. नको असताना आलं. किंवा हवं होतं म्हणून आलं, मी आता खोटं का बोलू?

चहाची टपरी बशीरभाईंची, वर तसं लिहिलेलं होतं. पांढरी दाढी, चष्मा, हातात गाळणी. मी एक चहा सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाळणी ठेवली, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, तुमी अमरावतीचे पाचघरे सर ना? मला एकदम बरं वाटलं. बावीस वर्षं शिकवतो आहे, कुणाचा तरी बाप असेल, कुणाचा तरी मामा. हो, मीच, असं मी ऐटीत म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. या या सर, आत या, असं म्हणून त्यांनी फडक्यानं बाक पुसला, मला बसवलं, पाणी दिलं, बिस्किटांचा पुडा फोडला. गावोगावी आपलं नाव पोचलंय हे माणसाला उगाच खरं वाटतं. तेवढ्यात दोन दणकट गडी माझ्या दोन्ही बाजूंना येऊन बसले, आणि बशीरभाई पलीकडे जाऊन कुणाला तरी फोन लावायला लागले. बसनं हॉर्न दिला. मी उठलो. डावीकडच्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला, अगदी प्रेमानं, आणि म्हणाला, बसा सर, घरचे येऊन राहिले. त्यानं आपला फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी होतो. 'काल दुपारपासून बेपत्ता.' कुणी तरी आज सकाळीच त्याला पाठवलं होतं, कारण तारीख नव्हती, आणि काल हा शब्द कोणत्याही दिवशी वाचला तरी कालचाच असतो. दोन वर्षं मी कालपासून हरवलेला होतो, धुळ्यापासून गोंदियापर्यंत कुठं कुठं हरवत होतो देव जाणे, आणि मी आपला अमरावतीत बसून भरली वांगी खात होतो.

मी म्हणालो, अहो, हे जुनं आहे, मी हरवलेलो नाही, मला अकोल्याला व्याख्यान आहे. उजवीकडचा म्हणाला, हो सर. मी म्हणालो, त्या बसमध्ये माझी बॅग आहे. तो म्हणाला, आणतो सर, आणि खरंच बॅग आणली. मी घाईघाईत ओळखपत्र काढून दाखवलं, हे पाहा, मी नोकरीवर आहे. त्यांनी ओळखपत्र फोनच्या बाजूला धरलं. तोच फोटो, तोच शर्ट, तीच मान जराशी डावीकडे कललेली. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. कंडक्टर बोलवायला आला, त्यालाही तो मजकूर दाखवला गेला, त्यानं वाचला, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, घरच्याईच्या ताब्यात द्या बरं, सोडू नका. बस निघून गेली. कोंबडीवाल्या बाईनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. ओरडावं असं वाटलं, पण ओरडणारा माणूस तर नक्कीच हरवलेला ठरला असता. शांत बसलो तरी ठरतच होतो. जे करू ते त्यांच्या कामी येत होतं, आणि त्यांच्या मनात पाप नव्हतं, बाकावरच्या कुणाच्याच मनात पाप नव्हतं.

बशीरभाई फोन घेऊन आले. फोन स्पीकरवर होता. ते म्हणत होते, बहनजी, फिकर मत करो, तुमचा माणूस सापडला, मूर्तिजापूर स्टँडवर हाय, एकदम सलामत हाय, चहा पाजला त्याईले. मी सुटकेचा श्वास सोडला. आता ती सांगेल. तिला माहीत होतं की पावणेअकराला मी इथंच असणार, नकाशावर तिला दिसतच होतं. एका वाक्याचं काम होतं, ते हरवले नाहीत, त्याईले अकोल्याच्या गाडीत बसवून द्या. मी फोनकडे पाहत राहिलो. मागं तिच्या शाळेतली पोरं पाढे म्हणत होती. मग तिचा आवाज आला, तिथंच बसवून ठेवा भाऊ, मी निघाली.

मी फोन बशीरभाईंच्या हातातून ओढून घेतला, स्पीकर बंद केला आणि टपरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दोन्ही गडी माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी म्हणालो, हर्षा, हे काय करून राहिली तू? पाढे अजून चालूच होते. मी म्हणालो, मी हरवलो नाही. ती म्हणाली, आज नाही हरवले.

"तेव्हाबी नवतो हरवलो," मी म्हणालो. "मी उतरलो होतो. माह्या पायानं उतरलो. मले सगळं आठवते."

सांगितलं. दोन वर्षं जे घशात होतं ते एका टपरीच्या भिंतीला तोंड लावून सांगून टाकलं. आता ती रडेल, नाही तर डॉक्टरचं नाव काढेल, असं मला वाटलं. पाढे थांबले होते, ती वर्गाबाहेर आली असावी.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "लॉजचं रजिस्टर पाहिलं मी. नाव लिहिलं तुमी, पत्ता लिहिला, येण्याचं कारण लिहिलं, आराम. ज्याले काही आठवत नाही तो पिनकोड लिहिते का?"

मी विचारलं, मग डॉक्टर, गोळ्या, हे सगळं काऊन? ती म्हणाली, तुमी हो म्हटलं. मी गाडीत विचारलं हरवले होते ना, अन् तुमी हो म्हटलं. तुमी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मले माहीत नाही. पण तुमी हो म्हटलं आणि मी तेच धरून बसली. तिचा आवाज चढला नव्हता, वर्गात पोरांना समजावून सांगताना असतो तसाच होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"हरवलेला माणूस सापडला तर लोक पेढे मांगतात," ती म्हणाली. "उतरून गेलेल्या माणसाच्या बायकोले लोक काय म्हणतात, ते तुमाले ऐकायचं नाही. अन् हरवलेल्या माणसाले सांभाळता येते. उतरलेल्याले काय करा लागते, हे मले कोणी सांगितलंच नाही. म्हणून पाहत राहिली."

दोन वर्षं मी समजत होतो की एकटा मीच नाटक करतो आहे, आणि ती बिचारी फसली आहे. तोंड उघडून गोळी पाहणारी ती, आणि तोंड उघडून दाखवणारा मी, दोघांनाही माहीत होतं की गोळी कशाचीच नाही. मला तिचा राग यायला पाहिजे होता. तो आलाही, पण त्याच्यामागून तिच्या डोळ्यांखालचं ते काळं आठवलं, आणि मला रडू आलं. मागचा गडी म्हणाला, रडू नका सर, येऊनच राहिल्या त्या.

"एक सांगा," हर्षा म्हणाली. "खरं सांगा. आज गाडीतून कायले उतरले? चहाले उतरले, का तेव्हासारखे उतरले?"

चहाले, असं मी म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आले होते, आणि ते खोटेही नव्हते. पण चहा तर मी अजून तोंडाला लावला नव्हता. स्टँडच्या त्या टोकाला अचलपूरची गाडी लागलेली होती, आणि ती मी उतरल्याबरोबर पाहिली होती. हेही खरं होतं. व्याख्यानाचे कागद मी बॅगेत टाकून बॅग बसमध्ये ठेवून आलो होतो, म्हणजे मी परत चढणार होतो. की बॅग सोडूनच द्यायची होती?

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, हां. आणि फोन ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

मी बशीरभाईंना फोन परत दिला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या दोघांना हातानंच इशारा केला आणि ते आपापल्या कामाला निघून गेले. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी बाकावर येऊन बसलो. सव्वाअकराला अकोल्याची दुसरी गाडी आली, रिकामीच होती, कंडक्टर दारात उभा राहून अकोला अकोला ओरडला, एकला सहज पोचलो असतो. गजालानं खुर्च्या लावून ठेवल्या असतील. अचलपूरचीही गाडी निघायला झाली होती, ड्रायव्हर चढला. मी दोन्ही गाड्या गेटाबाहेर वळेपर्यंत पाहत राहिलो. मग अमरावतीकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसलो.